दोष सिग्नलचा नव्हता

(मंडळाच्या गणेशोत्सवात 'माझा छंद' या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. कार्यकारिणीने 'छंदावर चार शब्द बोला' असं सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं असावं, हा गृहस्थ बागकामावर किंवा जुन्या नाण्यांवर बोलेल. मी विषय सांगितला तेव्हा सेक्रेटरीसाहेबांनी दोनदा विचारलं, "कोरियन मालिका? तुम्ही?" होय, मी. शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा, नोकरी पी-वेमध्ये, वय पंचेचाळीसच्या पुढे, आणि आवड कोरियन प्रेमकथांची! एकदा कबूल केलं की माणूस मोकळा होतो, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

आता बरेच जण म्हणतात की हे कोरियन खूळ लॉकडाऊनमध्ये आलं. उर्वरित भारतापुरतं ते खरं असेल, पण आपण ईशान्येकडे राहणाऱ्यांनी तरी तसं म्हणू नये. मणिपूरमध्ये 2000 साली एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपट दाखवण्यावर बंदी घातली. थिएटरं ओस पडली, आणि ती रिकामी जागा अरिरांग या कोरियन वाहिनीने आणि बाजारात मिळणाऱ्या सीडींनी भरली. मी नोकरीत नवा होतो तेव्हा लमडिंगला माझ्या हाताखाली एक मणिपुरी सहकारी होता. त्याच्याकडे 'विंटर सोनाटा'चा संच होता. 2002 सालची ही मालिका, वीस भागांची. पुढच्या दोन वर्षांत तिने जपानमध्ये एवढं वेड लावलं की तिथल्या बायका विमानं भरभरून कोरियातलं नामी बेट बघायला जायला लागल्या. तो सहकारी डोळे पुसत बघायचा आणि मी त्याला हसायचो. नायकाला अपघात काय होतो, स्मृती काय जाते, शेवटी डोळेही जातात! मी म्हणायचो, अरे, एका माणसाला इतके अपघात तर आमच्या अख्ख्या सेक्शनवर होत नाहीत.

आपल्या दूरदर्शननेही एक कोरियन मालिका हिंदीत दाखवली होती, ज्येष्ठांना आठवत असेल. राजवाड्याच्या स्वयंपाकघरात काम करणारी अनाथ मुलगी पुढे राजाची वैद्य होते, ती जांगगुमची गोष्ट. मूळ मालिका 2003-04 ची, 54 भागांची. त्यात प्रेमकथा आहे, पण इतकी सावकाश चालते की बॅलास्ट ट्रेनसुद्धा तिला ओव्हरटेक करील. तरीही ती लक्षात राहते, कारण त्या मुलीचं शिकणं, पडणं, पुन्हा उभं राहणं आपण पायरी-पायरीने बघतो. आज मला याच मुद्द्यावर बोलायचं आहे. माझं मत असं की चांगल्या कोरियन मालिकेत प्रेम हा विषय नसतोच. प्रेम ही परीक्षा असते. विषय असतो, माणूस बदलतो कसा.

आमच्या भाषेत सांगतो. नवा पूल बांधला की त्याच्यावर भार ठेवून चाचणी घेतात. भाराखाली गर्डर किती वाकतो ते मोजतात, भार काढल्यावर जागेवर परत येतो की नाही ते बघतात. परत आला तर पास. मालिकेतल्या माणसावर लेखिका प्रेमाचा भार ठेवते, पण तिथे हिशेब उलटा आहे. भार काढल्यावर माणूस पूर्वीच्याच जागेवर परत आला तर तो नापास! आपल्याकडच्या किती तरी मालिकांतली माणसं पाच वर्षांनीही पहिल्या दिवसाच्या जागेवर असतात, फक्त साड्या बदलतात. (भगिनींनी रागावू नये, आमच्या घरातही त्या बघितल्या जातात.)

याचं एक साधं कारण आहे. बहुतेक कोरियन मालिका सोळा-वीस भागांत संपतात. आठवड्याला दोन भाग, दोन-अडीच महिन्यांत खेळ खलास. बहुधा लेखक एकच असतो, आणि पुष्कळदा ती लेखिका असते. शेवटचं स्टेशन माहीत असलं की गाडी उगाच यार्डात फिरवावी लागत नाही. आपल्या दूरदर्शनवर तेरा भागांच्या मालिका असायच्या, तेव्हा आपल्याकडेही हे जमत होतंच की.

आता माझी गोष्ट. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुलगी चौदाव्या वर्षात होती. दिवसभर मोबाइलवर काहीतरी कोरियन बघायची आणि मी दिवसभर ओरडायचो. एकदा ती म्हणाली, "बाबा, यात ट्रेन आहे, बघा तरी." रेल्वेवाल्याला पकडायचा सापळा तिला बरोबर माहीत! मालिका होती 'क्रॅश लँडिंग ऑन यू'. दक्षिण कोरियातली श्रीमंत उद्योजिका पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते, सरहद्दीपलीकडे उत्तर कोरियात जाऊन पडते आणि तिथल्या एका कॅप्टनच्या घरात लपते. दोघं प्याँगयांगला निघतात आणि वीज गेल्यामुळे गाडी माळरानावर रात्रभर उभी राहते. लगेच आसपासची माणसं पांघरुणं आणि खाणं विकायला धावत येतात, शेकोट्या पेटतात. आमचे टीआरडीवाले मित्र इथे बसले आहेत, त्यांच्या पोटात गोळा आला असेल. पण मला तो प्रसंग फार आवडला. ब्लॉक लांबला की प्रवासी एकमेकांशी बोलायला लागतात, हे मी हाफलाँगच्या डोंगरात कितीदा पाहिलं आहे. हे चित्रण मंगोलियात केलं होतं आणि लेखनात मदतीला उत्तर कोरिया सोडून आलेला एक माणूस होता, हे मागाहून कळलं.

आणखी एक गंमत. त्याच मालिकेत नायिका नायकाला एक 'भारतीय म्हण' सांगते. चुकीच्या गाडीत बसलेला माणूसही कधीकधी योग्य ठिकाणी पोहोचतो, अशा अर्थाची. मी चाट पडलो. आमच्या आजीने शंभर म्हणी सांगितल्या, ही कधी सांगितली नाही! मग मुलीनेच उलगडा केला. मुंबईच्या डबेवाल्याचा डबा चुकीच्या माणसाकडे जातो त्या 2013 च्या 'द लंचबॉक्स' चित्रपटात असं वाक्य आहे. म्हणजे आपल्या चर्चगेट-विरारच्या दुनियेतलं वाक्य कोरियात जाऊन म्हण झालं आणि तिथून माझ्या मालिगावच्या क्वार्टरमध्ये परत आलं.

या मालिकेत माणसं कशी बदलतात बघा. ती उद्योजिका सुरुवातीला दोन घास खाऊन ताट सरकवणारी, घरच्यांनाही नकोशी झालेली. त्या गरीब खेड्यात चार शिपायांबरोबर आणि शेजारणींबरोबर बसून ती जेवायला शिकते. भावाच्या मृत्यूनंतर पियानो सोडून दिलेला कॅप्टन पुन्हा पियानोला हात लावतो. चोरून लोकांचं बोलणं ऐकण्याची नोकरी करणारा एक माणूस आहे, तो हळूहळू स्वतःच्या मनाचं ऐकायला लागतो. दोघांच्या प्रेमामुळे आजूबाजूची दहा माणसं एकेक पाऊल पुढे सरकतात, हे मला त्या प्रेमापेक्षा मोठं वाटलं.

मराठी माणसाला या मालिका लवकर कळतात, त्याला आणखी एक कारण आहे. कोरियन भाषेत आदराने बोलणं वेगळं आणि सलगीचं बोलणं वेगळं. क्रियापदाचा शेवटच बदलतो. नायक-नायिका आदरार्थी बोलणं सोडून सलगीवर आले की समजावं, प्रेमाने स्टेशन सोडलं! खालच्या इंग्रजी ओळींत दोन्हीकडे 'यू'च असतं, त्यामुळे ते निसटतं. पण 'अहो'वरून 'अरे'वर यायला काय लागतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तसंच भेटल्यावर 'जेवलास का' हे विचारणं. तिथेही ते पोटाचं चौकशीपत्रक नसतं, मायेचं बोलणं असतं. त्यांच्याकडे 'जंग' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ शोधताना मुलगी अडली तेव्हा आमच्या सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माया गं, आणखी काय!" हां, एक गोष्ट मात्र आपल्याला पचत नाही. मोठ्या भावाला म्हणायचा 'ओप्पा' हा शब्द मुली प्रियकरालाही वापरतात. आपल्याकडे एखादीने त्याला 'दादा' म्हटलं की विषयच संपतो!

आता तक्रारी. छंद आहे म्हणून डोळे मिटून बघायचं असं नाही. पहिली तक्रार, श्रीमंत घराण्याचा उद्धट वारस आणि गरीब स्वाभिमानी मुलगी. 2009 च्या 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स'मध्ये तर त्या मुलाची दांडगाई हीच प्रेमाची खूण म्हणून दाखवली आहे. जुन्या मालिकांत नायक नायिकेचं मनगट धरून तिला ओढत नेतो आणि मागे संगीत वाजतं. मुलीच्या बापाला ते संगीत ऐकू येत नाही, मनगटच दिसतं. अलीकडे हे बरंच कमी झालं आहे, ते चांगलंच. दुसरी तक्रार, योगायोग. मोठेपणी भेटलेले दोघे लहानपणी कुठेतरी भेटलेले निघतातच. 'क्रॅश लँडिंग'मध्येही दोघांची स्वित्झर्लंडमध्ये आधी गाठ पडलेली असते. तिसरी आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे 'तुझ्या भल्यासाठी' सोडून जाणारा नायक. तिला न विचारता तिच्या आयुष्याचा निर्णय हा परस्पर घेतो, दोन भाग सगळे रडतात, आणि मग 'एक वर्षानंतर' अशी पाटी येते. मी खुर्चीतून ओरडतो, अरे, तिला एकदा विचार तरी!

हे ओरडून झाल्यावर एकदा सौ.नी माझ्याकडे नुसतं बघितलं. 2014 साली लमडिंग-बदरपूर सेक्शनच्या ब्रॉडगेजच्या कामावर जायचं मी घरी न विचारता कबूल करून आलो होतो. 'तुमच्या भल्यासाठी', असंच म्हणालो होतो. त्या बघण्याला खाली इंग्रजी ओळींची गरज नव्हती.

माझी सर्वात आवडती मालिका मात्र प्रेमकथा नाहीच. 'माय मिस्टर', 2018 सालची. तिचा नायक चाळिशीतला स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, इमारतींची सुरक्षा तपासणारा. असा नायक मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला! ऑफिसात कॉलेजातला ज्युनिअरच त्याचा साहेब होऊन बसला आहे आणि घरातही त्याच माणसामुळे सुरुंग लागला आहे. हा गप्प. दुसरीकडे एकवीस वर्षांची एक हंगामी कामगार मुलगी, डोक्यावर कर्ज, घरी मुकी-बहिरी आजी. ती पैशासाठी याचा फोन चोरून ऐकू लागते, याला अडकवण्यासाठी. पण ऐकता ऐकता तिला कळतं की हा माणूस एकटा असतानाही तसाच वागतो जसा चारचौघांत. इमारत उभी राहते ती बाहेरचा जोर आणि आतला जोर यांच्या झुंजीत आतला जोर टिकला म्हणून, असा काहीसा विचार तो मांडतो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला हे आम्ही गणितात शिकलो, माणसाला लावून बघितलं नाही.

मालिकेचं काम पुरं होतं ते लग्नाने नाही, मिठीनेही नाही. बऱ्याच काळाने दोघं भेटतात, हस्तांदोलन करतात आणि आपापल्या वाटेने जातात. दोघंही बरी झालेली असतात, बस्स. हे नातं काय म्हणायचं यावर आमच्या घरात आठवडाभर वाद झाला. माझं मत, एकाने दुसऱ्याचं नीट ऐकलं, एवढंच ते नातं. पण तेवढं ऐकायला किती जण मिळतात? तो नायक रंगवणारा नट ली सन-ग्युन 2023 च्या डिसेंबरात गेला. ज्या माणसाने पडद्यावर इतरांना तग धरायला शिकवलं तो स्वतः गेला, हे कळलं त्या दिवशी घरातलाच कुणी गेल्यासारखं वाटलं.

आता शेवटची मालिका, आणि मग मी खाली बसतो. 'रिप्लाय 1988'. सोलमधली एक गल्ली, पाच कुटुंबं, पाच मुलं. आपल्या रेल्वे कॉलनीसारखीच. एका घरातून दुसऱ्या घरात वाट्या फिरताहेत. त्यातली डोकसन ही तीन भावंडांतली मधली. थोरल्या बहिणीचा वाढदिवस तिच्या वाढदिवसाच्या थोडेच दिवस आधी येतो, म्हणून घरचे दोघींचा एकदमच उरकतात. एकच केक, मेणबत्त्या कमी करून पुन्हा लावायच्या. पहिल्याच भागात ती रडून बोलते, की मलाच का नेहमी असं? रात्री बाप गल्लीत केक घेऊन येतो आणि कबुली देतो, की बाप काही जन्मतः बाप नसतो, त्याचीही ही पहिलीच खेप असते.

हे बघताना माझी मुलगी उठून आत गेली. सौ. काही बोलल्या नाहीत. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मंडळींनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्या मुलीचा वाढदिवस साजरा केला आहे. तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो. कधी गणपतीत, कधी त्याच्या आगेमागे. पण गणपतीत असो वा नसो, आम्ही तो गणपतीतच उरकला. आरती झाली की माइकवरून नाव पुकारायचं, तुम्ही टाळ्या वाजवायच्या, केकऐवजी मोदक. पाच मिनिटांचं काम. आणि त्या पाच मिनिटांतही बहुतेक वर्षी मी नव्हतोच. पावसाळ्यात आमच्या डोंगरी सेक्शनवर दरड कधी येईल सांगता येत नाही, पेट्रोलिंगची माणसं रात्रभर रुळांवर असतात, तिथे पी-वेवाल्याला रजा कोण देणार? दहा-बारा वर्षं असंच चाललं. मुलीने कधी एक शब्द काढला नाही. मी समजत होतो, पोरगी समजूतदार आहे.

मला त्या रात्रीच आत जाऊन बोलायला हवं होतं. नाही बोललो. उद्या बोलू म्हटलं. मग ब्लॉक होता, मग इन्स्पेक्शन होतं, मग तिची परीक्षा. आम्ही रोज एक भाग बघत होतो आणि मी रोज उद्यावर ढकलत होतो. असे करता करता अठरावा भाग आला.

ज्यांनी बघितला आहे त्यांना ठाऊक आहे. जंगह्वान नावाचा मुलगा डोकसनवर वर्षानुवर्षं प्रेम करतो आणि बोलत नाही. शेवटी एका रात्री मोटार घेऊन तिच्याकडे निघतो, वाटेत लाल सिग्नल लागत जातात, पोहोचतो तेव्हा दुसरा मित्र आधी पोहोचलेला असतो. तो मित्र आपला महत्त्वाचा सामना सोडून आलेला असतो. जंगह्वान आधी सिग्नलला दोष देतो. मग त्याच्या लक्षात येतं की दोष सिग्नलचा नव्हता. आपण निघायलाच उशीर केला होता, एकदा नव्हे, शंभरदा.

मी आयुष्यभर सिग्नलवर बोट ठेवून जगलेला माणूस. पावसाळा, दरड, ब्लॉक, कंट्रोल ऑफिस, सगळे माझे लाल सिग्नल. ते खोटे नव्हते, खरेच होते. पण ज्या दिवशी सिग्नल हिरवा होता त्या दिवशी मी काय केलं? चाळीस सेकंदांचा फोन. "पोचलो. जेवलो. ठेवतो."

भाग संपल्यावर मी मुलीच्या खोलीत गेलो आणि जे काही बोललो ते फार वाईट बोललो. शब्द सापडत नव्हते. ती ऐकून म्हणाली, "बाबा, पहिल्या भागानंतरच येणार होतात ना? मी वाट बघत होते." एवढंच. मालिकेत असतं तर मागे संगीत वाजलं असतं. आमच्याकडे पंख्याचा आवाज होता.

2021 साली मी जूनमध्येच एका दिवसाच्या रजेचा अर्ज टाकला. चतुर्थी त्या वर्षी दहा सप्टेंबरला होती, वाढदिवस आधी आला. त्या दिवशी घरात केक होता आणि मोदक मुद्दाम केले नव्हते. रात्री ती म्हणाली, "छान झालं, पण आरतीनंतरच्या टाळ्या रद्द नाहीत हां, त्या पण पाहिजेत." म्हणजे तुमचं खातं तिने बंद केलेलं नाही, मंडळींनो! पुढच्या वर्षी, 2022 च्या मे महिन्यात न्यू हाफलाँग स्टेशन चिखलाखाली गेलं आणि आम्ही अडीच महिने तिकडेच होतो. पण तेव्हा रोजचा फोन चाळीस सेकंदांचा नव्हता. रेंज मिळाली की मी विचारायचो, "आज काय झालं?" आणि ऐकत बसायचो.

आता ती शिकायला बाहेर असते. जाण्यापूर्वी तिने मला कोरियन अक्षरं शिकवली. राजा सेजोंगने पंधराव्या शतकात केलेली लिपी, स्वर-व्यंजन जोडून चौकोनात बसवायची, बाराखडी येणाऱ्याला अवघड नाही. नवीन मालिका आली की आम्ही दोघं दोन गावांतून तोच भाग बघतो आणि मग फोनवर भांडतो. परवा तिने विचारलं, "बाबा, तुमच्या मते चांगल्या नायकाची खूण काय?" मी म्हटलं, श्रीमंती नाही, छत्री घेऊन धावणं नाही. पहिल्या भागात जे त्याला बोलता येत नव्हतं ते शेवटच्या भागाच्या आत तो बोलला पाहिजे. ती म्हणाली, "तुम्ही अठराव्यात बोललात, म्हणजे जेमतेम पास!"

तेव्हा माझी विनंती एवढीच. कोरियन मालिका बघा किंवा नका बघू. पण घरातल्या कुणाला काही सांगायचं राहिलं असेल तर विसर्जनापर्यंत थांबू नका. आज रात्री जेवताना सांगा. सिग्नल हिरवा आहे.

वेळ पाळली नाही त्याबद्दल क्षमस्व, रेल्वेचा माणूस आहे!

गणपती बाप्पा मोरया!